होलोग्राम ही कला कधी होते? सोलापुरातल्या चित्रकार आणि लेसरवाल्यांसाठी धागा

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

सोलापुरात आम्ही काही जण होलोग्राम करायच्या मागे लागलोय. दोन चित्रकार, एक मूर्तिकाम करणारी मैत्रीण आणि कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर (ते इथं 'प्रयोगवही' या नावाने लिहितात, खाली येतीलच). आधी एक गोष्ट बाजूला काढतो. लग्नाच्या हॉलमध्ये गरागरा फिरणाऱ्या एलईडी पंख्यावर दिसणारा गणपती, किंवा सभेच्या स्टेजवर अवतरणारा नेता, यांचा या धाग्याशी संबंध नाही. २०२२ च्या जानेवारीत इंडिया गेटजवळ नेताजींचा उजेडाचा पुतळा उभा केला होता, तोही ३० हजार ल्युमेनच्या प्रोजेक्टरने जवळजवळ आरपार दिसणाऱ्या पडद्यावर टाकलेला. दिसायला झकास, पण सपाट चित्रच. आम्ही बोलतोय ते काचेच्या प्लेटबद्दल. वस्तूवरून परतलेला लेसरचा उजेड आणि थेट आलेला उजेड एकमेकांत मिसळतात, त्यातून अतिसूक्ष्म पट्टे तयार होतात आणि ते प्लेटवर नोंदले जातात. पुढे वस्तू उचलून नेली तरी चालते. त्याच कोनातून दिवा टाकला की ती तिच्या जागी हजर. मान डावीकडे नेली की धोट्यामागे (मागावर आडवा दोरा नेणारा लाकडी तुकडा) लपलेली फणी दिसायला लागते.

डेनिस गाबोर यांना ही युक्ती १९४७ साली इंग्लंडात रग्बीला सुचली, तीही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारता सुधारता. लेसर यायला १९६० उजाडलं. मग मिशिगनमध्ये लीथ आणि उपातनिएक्स यांनी १९६४ साली खेळण्यातल्या रेल्वेचा होलोग्राम दाखवला. तिकडे रशियात डेनिस्युक यांनी साध्या दिव्यात दिसणारा प्रकार आधीच काढला होता. गाबोरना १९७१ चं नोबेल मिळालं. हा भाग कुठंही वाचायला मिळेल, म्हणून आवरतो.

मला रस आहे तो यात कलाकार कसे घुसले त्यात. मार्गारेट बेन्यन या इंग्रज बाई मूळच्या चित्रकार. जाळीदार कापडाचे दोन पदर एकमेकांवर सरकवले की लहरी दिसतात ना, तसले परिणाम त्या कॅनव्हासवर आणायच्या. १९६८ साली त्या नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात लेसरच्या खोलीत शिरल्या आणि स्वतः प्लेट काढायला शिकल्या. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस नाउमन यांनी ओठ ताणून, गाल चिमटून केलेले स्वतःचे वेडेवाकडे चेहरे होलोग्राममध्ये उतरवले, पण काढणारे हात एका कंपनीच्या तंत्रज्ञांचे. साल्वादोर दाली यांनी १९७२ साली न्यूयॉर्कच्या नोएडलर गॅलरीत होलोग्राम मांडले आणि पुढच्या वर्षी अॅलिस कूपर या रॉक गायकाला हिऱ्यांचा मुकुट चढवून फिरत्या चकतीवर बसवलं. गाजावाजा भरपूर झाला.

माझं मत सांगतो, झोडपायचं तर झोडपा. दालींचा तो होलोग्राम ही दालींची करामत आहे, होलोग्राफीला त्याने फार काही दिलं नाही. दिलं ते बेन्यन आणि हॅरिएट कास्डिन-सिल्व्हर यांच्यासारख्यांनी, ज्या अंधाऱ्या खोलीत लेसरच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. कास्डिन-सिल्व्हर यांच्या १९७७ च्या कामात काटेचमच्यांची टोकं प्लेटच्या अलीकडे, थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतात. वस्तू प्लेटच्या मागे ठेवायची की पुढे आणायची, किती खोल, कुठल्या कोनातून अदृश्य करायची, हे निर्णय तंत्रज्ञाने 'सेटिंग' म्हणून घेतले की सुबक प्रात्यक्षिक तयार होतं. कलाकाराने घेतले तर काहीतरी वेगळं घडायची शक्यता असते. पण त्यासाठी त्याला लेसर काय ऐकतो नि काय ऐकत नाही हे कळायला हवं, आणि फिजिक्सवाल्यालाही 'हे असं कशाला?' हा प्रश्न गिळून चार वेळा प्लेट वाया घालवू देण्याची तयारी हवी.

तर सोलापुरात हे कुणाबरोबर, कुठं, आणि कशाचं करावं? बोला.

कडकभाकरी

पहिला! वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

होलोग्राम म्हणजे क्रेडिट कार्डावर चमचमतं तेच ना? त्याची कला म्हणजे बँकेची कला झाली की ओ.

प्रयोगवही

कडकभाकरी, कार्डावरचं हे कलेच्या घरातूनच बाहेर पडलेलं पोर आहे. पोलरॉइड कंपनीत स्टीफन बेंटन यांनी १९६८ साली एक सौदा केला. होलोग्राममधून वर-खाली बघण्याची खोली त्यांनी सोडून दिली आणि बदल्यात साध्या पांढऱ्या दिव्यात तो लख्ख दिसेल असं केलं. डावी-उजवीकडची खोली शाबूत राहिली, पण मान वर-खाली केली की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग बदलतात. हाच प्रकार पुढे धातूच्या चंदेरी पापुद्र्यावर ठशासारखा उठवता येऊ लागला आणि १९८३ पासून मास्टरकार्डवर आला. बेंटन स्वतः कलाकारांबरोबर काम करत. कास्डिन-सिल्व्हर यांच्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे.

आता 'कुठं' या प्रश्नाबद्दल, कारण सोलापुरात सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर. एक्सपोजर चालू असताना वस्तू, प्लेट, आरसा यांतलं काहीही याच्या दहाव्या हिश्शाएवढं, म्हणजे साधारण ०.०६ मायक्रॉन हललं, की पट्टे पुसट होतात. पाव तरंगाएवढं हललं तर प्लेट धुतल्यावर हातात कोरी काच येते. फोटो हलला तर निदान अस्पष्ट फोटो मिळतो, इथं काहीच मिळत नाही.

आम्ही अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात एका मित्राच्या माडीवर चाचणी घेतली. लेसरचा उजेड दोन वाटांनी नेऊन पुन्हा भिंतीवर एकत्र आणला की गोल गोल कडी दिसतात. ती कडी स्थिर राहिली तर जागा चांगली. खालच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते. भिंतीवर कडी दिसतच नव्हती, नुसता तांबडा चिखल. मग लाइट गेली, माग थांबले, पण लेसरही बंद! बॅटरीवर चालणारा छोटा डायोड लेसर लावून पाच-दहा मिनिटं तापू दिला तेव्हा कडी उमटली. खाली जिन्यावरून कुणीतरी चढलं की प्रत्येक पायरीला ती आत-बाहेर व्हायची.

खर्चाचं घाबरू नका. कंपनीचं न हादरणारं ऑप्टिकल टेबल लाखांत जातं हे खरं, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत लॉइड क्रॉस हे भौतिकशास्त्रज्ञ आणि जेरी पेथिक हे शिल्पकार या दोघांनी मिळून वाळूचं टेबल पुढे आणलं. लाकडी पेटी, त्यात वाळू, खाली हवा भरलेल्या ट्यूबा. आरसे आणि भिंगं प्लास्टिकच्या पाइपांच्या तुकड्यांवर चिकटवायची आणि पाइप वाळूत खुपसायचे. हवं तिकडे वळवा, वाळू धरून ठेवते. त्या टेबलाभोवती त्यांनी शाळा काढली आणि प्रयोगशाळेची पायरी कधी न चढलेले लोक तिथं होलोग्राम शिकून गेले. स्कूटरच्या ट्यूबा आपल्याकडे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतील. वाळू मात्र चाळून, धुऊन घ्या, धूळ भिंगावर बसते.

डेक्कनचा_कावळा

माहितीपूर्ण, पण थोडा खडा टाकतो. हा प्रकार कलाजगताने पन्नास वर्षं तपासून बाजूला ठेवलाय हो. १९७५ साली न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत होलोग्राफीच्या पहिल्या दशकाचं प्रदर्शन झालं, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचे कलासमीक्षक हिल्टन क्रेमर यांनी त्याची सालटी काढली होती. १९७६ साली सोहोत खास होलोग्राफीचं म्युझियम निघालं आणि १९९२ ला बंदही पडलं. संग्रह एमआयटीच्या म्युझियमकडे गेला. पुढे आग्फा या फिल्म कंपनीने होलोग्रामच्या प्लेटा बनवणं थांबवलं. मग आता सोलापुरात हे मढं उकरून काय मिळणार?

कडकभाकरी

पुण्यात जे बंद पडतं ते सोलापुरात चालतं असा आपला अनुभव आहे. चालू द्या.

मोडीवाली

डेक्कनचा_कावळा, क्रेमर यांनी झोडपलं हे खरं, पण तेव्हा जे मांडलं होतं त्यात बरंचसं 'बघा, खरं वाटतं की नाही' या पातळीवरचं होतं. तसल्या कामाला झोडपायलाच हवं. फोटोग्राफीलाही सुरुवातीची कित्येक वर्षं हेच ऐकावं लागलं.

आणि मढं म्हणाल तर २०२४ साली लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरमध्ये होलोग्रामचं मोठं प्रदर्शन झालं. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कला सी-प्रोजेक्ट म्हणून एक उपक्रम होता. त्यात नावाजलेल्या कलाकारांना बोलावून, होलोग्राफर हाताशी देऊन कामं करून घेतली. चक क्लोज, एड रुशे, लुईस बुर्जुआ असे लोक.

पण ताणाबाणा, इथंच मला तुमचं म्हणणं पटत नाही. बुर्जुआबाई लेसर शिकल्या नाहीत. तोवर त्यांची ऐंशी उलटली होती. त्या वस्तू घेऊन आल्या, छोट्या खुर्च्या, पलंग, काचेचे घुमट, आणि काढणाऱ्यांनी काढलं. ती कामं बघितली की अंगावर काटा येतो. तांबडा अंधार आणि आत कुणाच्या तरी लहानपणीची खोली, जिच्यात डोकावता येतं पण शिरता येत नाही. मग 'टेबलापाशी उभं राहिलंच पाहिजे' या तुमच्या नियमाचं काय करायचं?

ताणाबाणा

मोडीवाली, मुद्दा जबरी आहे. पण बुर्जुआबाईंनी त्याआधी कित्येक वर्षं पिंजऱ्यासारख्या खोल्याच रचल्या होत्या, ज्यांत लोक बाहेरूनच वाकून बघतात. म्हणजे बंद जागेत बाहेरून डोकावणं हे त्यांचं स्वतःचंच माध्यम होतं. प्लेटने तेच त्यांना आयतं दिलं. हे माझ्यासारख्या भिंतीवर सपाट चित्रं लावणाऱ्याला लागू होत नाही. मला खोलीची सवयच नाही, ती टेबलापाशीच लागणार. आमच्या मूर्तिकारणीचं वेगळं. ती पहिल्याच दिवशी सरांना म्हणाली, "मूर्ती नको, साच्याची आतली बाजू ठेवा." प्लेट उलटी करून बघितली की साच्याचा खड्डा उठावदार होऊन पुढे येतो. सर गप्पच झाले होते.

प्रयोगवही

गप्प नव्हतो झालो, हिशोब करत होतो.

पंचकार्ड

मालक, मी चित्रकार नाही आणि फिजिक्सवालाही नाही. पूर्व भागात जन्म गेला, जेकार्डच्या (मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या) डिझाइनचं काम केलं. आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे, मग त्याची कार्डं पंच करायची. आता सगळं कॉम्प्युटरवर. चादरीवर मोर आहे तर तो मोर कुणीतरी काढलाय, कुणीतरी कार्डात पाडलाय, कुणीतरी मागावर उतरवलाय. चादरीच्या कोपऱ्यात नाव येतं ते कारखान्याचं. माझा एक मोर लई चालला. दुकानात टांगलेला बघायचो आणि गिऱ्हाइकाला सांगताही यायचं नाही की हा माझा आहे.

म्हणून विचारतो, तुमच्या या काचेवर सही कुणाची? चित्रकाराची असेल तर सर कशाला रात्र रात्र जागतील? आणि सरांची असेल तर चित्रकार कशाला येईल? हे आधी ठरवा. कला, विज्ञान हे नंतर बघू.

मोडीवाली

+१००. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. सी-प्रोजेक्टच्या कामांत भिंतीवर ठळक नाव प्रसिद्ध कलाकाराचंच असतं. काढणाऱ्यांपैकी मॅथ्यू श्रायबर यांचं नाव आता पुढे येतंय, कारण ते स्वतःही उजेडाची कामं करणारे कलाकार आहेत.

डेक्कनचा_कावळा

छपाईवाल्यांकडे याला उत्तर आहे. लिथोग्राफ छापणाऱ्या कार्यशाळा कलाकाराच्या सहीशेजारी आपला छोटा ठसा उठवतात. तसं करा. (मी विरोधात आहे, तरी सुचवतोय.)

ताणाबाणा

ठसा नको. ठशाने काम छापखान्याचं ठरतं. आमच्यात बोलणं झालंय ते असं: ज्या कामात कोनाचा, खोलीचा किंवा रंगाचा निर्णय दोघांनी घेतला, तिथं दोघांची नावं, एकाच आकाराच्या अक्षरात. कुणी फक्त वस्तू दिली किंवा फक्त प्लेट धुतली, तर तसं लिहायचं, काय केलं ते. पंचकार्ड, तुमचा मोर वापरला तर तुमचंही नाव येईल, मोर केव्हा काढला त्या सालासकट.

रंगाच्या निर्णयावर सर, तुम्हीच लिहा. मला ते सांगताना अजून अडखळायला होतं.

प्रयोगवही

तांबड्या लेसरने काढलेला डेनिस्युक प्रकारचा होलोग्राम तांबडाच दिसेल असं वाटतं, पण रंग ठरतो तो प्लेटवरच्या जिलेटिनच्या थरात पट्टे किती अंतरावर आहेत त्यावर. धुताना आणि वाळताना थर आक्रसला की पट्टे जवळ येतात आणि रंग पिवळ्या-हिरव्याकडे सरकतो. दमट हवेत थर फुगतो, रंग परत तांबड्याकडे जायला लागतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे सोलापुरात काढलेला होलोग्राम मुंबईत नेला तर छटा बदलू शकते, तेव्हा कडेने सील करावं लागेल. जॉन कॉफमन या अमेरिकन कलाकाराने या दोषाचंच रंगकाम केलं. एक्सपोजरआधी थर ट्रायइथेनॉलअमाइन या रसायनाच्या द्रावणाने कमी-जास्त फुगवायचा, त्यावर वस्तूचा एक भाग घ्यायचा, पुन्हा वेगळा फुगवून दुसरा भाग. सगळं एकाच तांबड्या लेसरवर, आणि शेवटी प्लेटवर वेगवेगळे रंग. वस्तूच्या कुठल्या भागाला कुठला रंग हे ठरवणं चित्रकाराचं काम, आणि द्रावण किती टक्के ठेवायचं हे माझं. ही दोन कामं वेगळी करून बघा, होत नाहीत.

अजून एक. निळी-हिरवी वस्तू तांबड्या लेसरखाली काळीठिक्कर पडते. इंद्रधनुषी चादर आणू नका.

कडकभाकरी

चादर आणायचीच नाही तर सोलापूर कशाला म्हणायचं?

प्रयोगवही

कापड हा होलोग्राफीचा शत्रू आहे. कापड कधीच स्थिर नसतं. हवेच्या झुळकीने, स्वतःच्या वजनाने, ओल सुकताना हलतच राहतं. पंखा बंद करून, दार लावून बसलो तरीही.

पंचकार्ड

खळ लावा की सर! ताण्याला (मागावरच्या उभ्या दोऱ्यांना) खळ देतो तशी घट्ट खळ द्या, चौकटीवर ताणून वाळवा. पत्र्यासारखं होतं. बोटाने वाजवलं तर वाजतं.

प्रयोगवही

हे करून बघण्यासारखं आहे. आणि त्यावरून एक सुचतं. ताणलेल्या ताण्याची चौकट ठेवू. एक एक्सपोजर घेऊ, मग एका दोऱ्याला अगदी बारीक वजन अडकवू आणि त्याच प्लेटवर दुसरं एक्सपोजर घेऊ. प्लेटमध्ये चौकट दिसेल आणि तिच्यावर काळे-तांबडे पट्टे पसरलेले दिसतील. समोरून बघताना एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत पृष्ठभाग साधारण ०.३ मायक्रॉन पुढे-मागे सरकलेला असतो. यंत्रांचे भाग कुठं वाकतात हे शोधायला इंजिनिअर हीच पद्धत वापरतात. फक्त सरकणं अगदी थोडं हवं, नाहीतर पट्टे इतके दाट होतात की वेगळे दिसत नाहीत.

पंचकार्ड

म्हणजे ताण कुठं कमी, कुठं जास्त ते दिसणार? ते आम्ही तळहात फिरवून सांगतो. पण दुसऱ्याला दाखवता येत नाही. हे झालं तर मी नक्की येतो. माझ्याकडे जुना लाकडी धोटा आहे, टोकाचं पितळ झिजलेलं, आणि मोराची जुनी कार्डं पण आहेत, दोऱ्यात ओवलेली.

ताणाबाणा

ठरलं! खळ तुम्ही द्यायची, वजन कुठल्या दोऱ्याला हेही तुम्हीच सांगायचं. म्हणजे नावं तीन.

मोडीवाली

आणि दाखवणार कुठं? हिराचंद नेमचंद वाचनालय विचारात घ्या. पण दिव्यांचं काय?

प्रयोगवही

ट्यूबलाइट असेल तर विसरा. लांबट दिव्यात खोल भाग सगळा विरघळून जातो. प्रत्येक प्लेटला वरून, ठरलेल्या कोनातून एकच बारीक झोताचा दिवा हवा. सगळ्यात उत्तम दिवा आपल्याकडे फुकट आहे, ऊन. १९७७ साली जर्मनीत कासेलला डॉक्युमेंटा प्रदर्शनात एमआयटीच्या कलाकारांनी सेंटरबीम नावाचं सामूहिक काम मांडलं होतं. त्यात कास्डिन-सिल्व्हर यांचे होलोग्राम उन्हावर चालत होते, सूर्याचा माग काढत. जर्मनीच्या उन्हात जमलं ते सोलापूरच्या उन्हात न जमायला काय झालं?

कडकभाकरी

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल टाका. जानेवारीत ऊन पण चांगलं असतं आणि गर्दी पण. मे महिन्यात ठेवलंत तर बघायला फक्त जर्मन येतील.

ताणाबाणा

गड्डा चालेल, फक्त धुळीपासून प्लेटा वाचवायला हव्यात. तोवर कामाच्या जागेचा प्रश्न सोडवू. पूर्व भाग बाद. केगावचं विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाकडे विचारता येईल, पण रात्रभर खोली कोण देणार?

डेक्कनचा_कावळा

माझ्या मामांची मंद्रूपजवळ शेतात दगडी खोली आहे. जाड भिंती, शहाबादी फरशी, थेट खडकावर बांधलेली. आसपास माग नाही, हायवे लांब. मामा कुणी विचारपूस केली की खूश होतात. शब्द टाकतो.

कडकभाकरी

कावळा पलटला!!

प्रयोगवही

जागा आदर्श वाटते. विहिरीवर मोटर आहे का? खोलीपासून किती लांब?

डेक्कनचा_कावळा

आहे, खोलीला लागूनच. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते.

प्रयोगवही

मग दिवसाच्या आठवड्यात रात्री काढू. मामांना वेळापत्रक विचारून इथं टाका. पंचकार्ड, खळ दोन दिवस आधी द्यावी लागेल, पूर्ण सुकलेली हवी.